यिर्मया शिकवताना आधी अनाथोथ दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायबलमधल्या यिर्मयाला 'रडणारा संदेष्टा' म्हटले की प्रवचन पुढे सरकते. त्याच्या गावाचे नावही निघत नाही. कोल्हापुरातल्या रविवार शाळांत हा धडा अनाथोथपासून सुरू व्हावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

यरुशलेमेच्या ईशान्येला जेमतेम ५ किलोमीटरवर असलेले हे याजकांचे गाव. शलमोन राजाने अब्याथार याजकाला पदावरून काढून इथेच धाडले (१ राजे २). अब्याथार एली याजकाच्या घराण्यातला, एली शिलोचा, म्हणजे यरुशलेमेच्या मंदिराआधीच्या, पुढे उजाड झालेल्या पवित्रस्थानाचा. यिर्मया त्याच कुळातला, असे शास्त्रात लिहिलेले नाही. पण शिलोची आठवण या गावाला नक्कीच असणार. यरुशलेमेच्या मंदिराच्या दारात उभा राहून यिर्मया म्हणतो, शिलोला जा, त्या स्थानाचे काय झाले ते पाहा (यिर्मया ७). एवढ्यावरून याजक त्याच्या जिवावर उठतात. शिलोहून नेलेला कराराचा कोश शत्रूच्या हाती पडतो तो १ शमुवेल ४ आधी वाचला नसेल, तर मुलांना हा संताप कळतच नाही.

यिर्मयाच्या पुस्तकाचा ३२ वा अध्याय ३७ व्यानंतर घ्यावा. पुस्तकातला क्रम काळानुसार नाही. वतनाच्या वाटणीसाठी बन्यामीन प्रांताकडे निघालेल्या यिर्मयाला वेशीवरच फितूर म्हणून पकडतात. पुढे बाबेलच्या फौजेचा यरुशलेमेला वेढा चालू असताना, तो कैदेत असताना, चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत त्यालाच विकायला येतो! किंमत १७ शेकेल रुपे, तीही तोलून. शेकेल सुमारे ११.३ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या तोळ्याहून किंचित कमी. हुपरीच्या कारागिराला हे वजन समजावून सांगावे लागणार नाही. खरेदीखताच्या प्रती दोन, एक उघडी आणि एक मोहोरबंद. उघडी वाचण्यासाठी, तंटा झाला तर मोहोर फोडून दुसरीशी ताडायची. दोन्ही मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून.

१९८२ मध्ये यरुशलेमेच्या उत्खननात अशा मोहोरांचे ५१ ठसे सापडले. त्या वेढ्याअखेर शहर पेटले तेव्हा कागदपत्रे जळाली, पण मातीचे ठसे भाजून पक्के झाले. एकावर 'शाफानाचा पुत्र गमऱ्या' हे नाव आहे; ३६ व्या अध्यायात यिर्मयाचा लेखनिक बारूख त्याच्या वचनांची गुंडाळी वाचतो ती याच नावाच्या माणसाच्या खोलीत.

वर्गात हे करून पाहता येते. कागदाची घडी दोऱ्याने बांधा, गाठीवर कुंभार गल्लीतल्या शाडूची सुपारीएवढी गोळी दाबा, वर अंगठीचा ठसा उमटवा. शाडू फार ओला असेल तर ठसा पसरतो, सुका असेल तर गोळी तडकते. मऊ कणकेइतका मळून घ्यावा.

– रविवार शाळेचे काही शिक्षक, कोल्हापूर