फोटो हवा, साक्ष नको?

मा. मूलनिवासी संबंध व सलोखा मंत्री,
ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा

स.न.वि.वि.

इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवतेच आहे. मराठीत लिहिलं ते इथे स्थायिक झालेल्या आमच्या मंडळींसाठी. स्कीना नदीकाठी गाडी थांबवून टोटेम खांबांपुढे फोटो काढणाऱ्यांत आम्हीही असतो.

इथल्या मूलनिवासी गिट्क्सान लोकांचे हे खांब देव नव्हेत, शोभेचेही नव्हेत. लांडगा, बेडूक, गरुड ही चिन्हं ज्या त्या घराण्याची मालमत्ता. कुणीही उचलून कोरावीत अशी नाहीत. पूर्वज कुठून आले, काय सोसलं, कुठली जमीन कशी त्यांची झाली, हे त्यांतून सांगायचं. खांब उभारताना मेजवानी देऊन इतर कुळांना बोलावतात ते साक्षीला. आमच्या भाषेत, लाकडात कोरलेला सातबारा! १८८५ ते १९५१ कॅनडाने त्या मेजवान्यांवरच बंदी घातली होती. साक्षीदारच जमू द्यायचे नाहीत, झालं.

गितान्याव गावातल्या एका जुन्या खांबाला खालच्या बाजूला आरपार भोक आहे, भोवती छोटी छोटी माणसं कोरलेली. उपासमारीत कुणीतरी नदीवरचा बर्फ फोडून मासे धरले आणि गाव जगवलं, अशी त्याची एक कथा सांगतात. याच गावाने १९५८ मध्ये काही खांब प्रांताच्या संग्रहालयाला दिले ते अटी घालून: हुबेहूब प्रतिकृती करून परत द्या, आणि आमचा इतिहास, आमच्या जमिनी, आमचे कायदे छापा. संग्रहालयाला लाकूड हवं होतं, गावाला नोंद. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं.

तरी डेलगामूक खटल्यात, म्हणजे गिट्क्सान आणि शेजारच्या वेत्सुवेतेन प्रमुखांनी आपल्या जमिनींसाठी प्रांताविरुद्ध लावलेल्या दाव्यात, एका गिट्क्सान वृद्धेने घराण्याचं गाणं पुराव्यादाखल म्हणायला घेतलं, तेव्हा न्यायाधीशांनी आपल्याला गाण्याचा कान नाही म्हणून सांगितलं. १९९१ मध्ये दावा फेटाळला. ११ डिसेंबर १९९७ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून योग्य वजन द्यायला सांगितलं आणि फेरसुनावणीचा आदेश दिला. ती आजवर झालेली नाही. मूलनिवासींच्या हक्कांचा कायदा तुमच्याच विधिमंडळाने २०१९ मध्ये केला, तो कुठे मुरतोय?

माझं मागणं मोठं नाही. प्रांताच्या माहितीफलकावर, जाहिरातीत खांब दिसला की तो कुठल्या घराण्याचा आणि कुणाच्या परवानगीने छापला, तेही लिहा. आणि त्या घराण्याच्या हद्दीत झाडं तोडायचा परवाना देण्याआधी त्याच्या प्रमुखांची संमती घ्या.

कळावे,
व्हँकुव्हरची एक मराठी रहिवासी