पन्हाळ्याच्या कौलांवर सौर पॅनेल : नियम लेखी द्या, मुदत ठरवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि त्यात आमचा पन्हाळाही आला, याचा आनंद गडावर राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. मात्र पन्हाळा हा नांदता गड आहे. येथे नगरपरिषद आहे, शाळा आहेत, बाजार आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटत आलेली घरे आहेत. अशाच एका घरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी मला आठ महिने खर्ची घालावे लागले आणि त्या अनुभवातून माझी एक मागणी आहे. संरक्षित वास्तूंच्या परिसरातील राहत्या घरांवर सौर पॅनेल चालतील की नाही, चालणार असतील तर कोणत्या अटींवर, हे संबंधित यंत्रणांनी मराठीत, लेखी आणि ठरावीक मुदतीत सांगावे.

आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, सागवानी वासे आणि वर मंगलोरी कौले. छपराचे एक पाखे दक्षिणेकडे उतरते. पन्हाळा साधारण 17 अंश अक्षांशावर आहे आणि पॅनेलला कलही साधारण तेवढाच लागतो; त्याहून कौलांचा उतार थोडासाच अधिक भरतो. म्हणजे वेगळे उंच सांगाडे न उभारता पॅनेल कौलांना समांतर बसवता येतात. पावसाळा सरला की मे महिन्यापर्यंत गडावर लख्ख ऊन असते. त्यातच आमच्याकडचा गार वारा पॅनेलला मानवतो, कारण पॅनेल जितके तापेल तितकी त्याची वीज कमी होते. दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के. उन्हाने भाजणाऱ्या सपाटीवरील गावापेक्षा ऊन असूनही हवा थंड असलेला डोंगर या कामाला अधिक सोयीचा आहे, हे आमच्याकडे अजून पुरेसे कोणी सांगितलेले नाही.

‘तुमच्या धुक्यात कसली वीज होणार?’ असे मला अनेकांनी विचारले. जून ते सप्टेंबर या काळात निर्मिती फारच घटते, हे खरे आहे. पण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे पॅनेलची जादा वीज महावितरणला देऊन ती बिलातून वळती करून घेण्याच्या पद्धतीत, जादा युनिट आर्थिक वर्षभर, म्हणजे एप्रिल ते मार्च, आपल्या खात्यावर जमा राहतात आणि पुढच्या महिन्यांच्या वापरातून वळते होतात. पन्हाळ्याला हे वेळापत्रक अगदी जुळून येते. एप्रिल-मेच्या उन्हाची जमा वर्षाच्या सुरुवातीलाच पदरात पडते आणि जुलै-ऑगस्टच्या धुक्यात ती खर्चता येते.

पैशाची बाजू आता बहुतेकांना ठाऊक झाली आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने’त पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला 18,000 रुपये, असे कमाल 78,000 रुपये अनुदान मिळते. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट छप्पर लागते आणि त्यातून महिन्याला सरासरी शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. त्याच वर्षीच्या केंद्राच्या दुरुस्त नियमांनुसार दहा किलोवॉटपर्यंतच्या घरगुती अर्जाला वेगळ्या तांत्रिक पडताळणीची गरज उरलेली नाही. विजेच्या बाजूने सरकारने वाट अशी मोकळी करून दिली आहे. आमची गाडी अडते ती वारशाच्या बाजूने.

1958 च्या प्राचीन स्मारके कायद्यात 2010 मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत विनियमित क्षेत्र, म्हणजे जेथे परवानगीनेच बांधकाम करता येते असे क्षेत्र, ठरले. गडावर तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, सज्जा कोठी अशा वास्तू इतक्या जवळजवळ आहेत की माझ्या ओळखीतील बहुतेक घरे यातील कोणत्या ना कोणत्या रेषेच्या आत येतात. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम होत नाही, दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि तसेच असले पाहिजे. तीन दरवाजाच्या शेजारी कोणी इमला उठवू लागला, तर त्याला विरोध करणाऱ्यांत मी पहिला असेन.

प्रश्न ‘बांधकाम’ या शब्दाच्या व्याख्येचा आहे. 2010 च्या दुरुस्तीत असलेल्या इमारतीला उभी किंवा आडवी जोड देणे हेही बांधकामच मानले आहे. मात्र जनतेला वीज पुरवण्याची व ती वितरित करण्याची कामे त्यातून वगळली आहेत. आता कौलांवर बोटभर उंचीच्या पट्ट्यांवर टेकलेले पॅनेल ही उभी जोड म्हणायची, की घराची दुरुस्ती म्हणायची, की विजेची सोय? या एका प्रश्नावर मला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. एका कार्यालयात सांगितले की हे बांधकामच नव्हे, परवानगीची गरज नाही, खुशाल बसवा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले की ही उभी जोड आहे, ना-हरकत दाखला आणल्याशिवाय हात लावू नका. तिसऱ्या ठिकाणी वास्तुविशारदाच्या सहीचे नकाशे मागितले. यातील कोणतेही उत्तर कागदावर मिळाले नाही. तोंडी होकारावर दोन लाखांच्या घरातला खर्च करून उद्या नोटीस आली तर काय करायचे, या धास्तीने मी थांबलो. कोणत्याही एका कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्यांच्यासमोरही स्पष्ट सूचना नव्हती, हे मला बोलताना जाणवत होते.

शेवटी मी एक उपाय केला. तो सविस्तर लिहितो, कारण पुढचा नियम त्यातूनच घडू शकेल असे मला वाटते. शेतातले शेततळ्याचे उरलेले काळे प्लॅस्टिक घेतले, सहा पॅनेलच्या मापाचे सहा तुकडे कापले आणि एका रविवारी सकाळी ते दक्षिणेकडच्या पाख्यावर दोऱ्यांनी ताणून बांधले. मग मुलाला घेऊन मी गडावर फिरलो. तटावरून, सज्जा कोठीच्या गच्चीवरून, तीन दरवाजाच्या वाटेवरून आणि गावातील मुख्य रस्त्यावरून आमच्या घराच्या दिशेने छायाचित्रे काढली, त्यांच्या पाठीवर जागा आणि वेळ लिहिली. चारपैकी तीन ठिकाणांहून काळे काहीच दिसले नाही, कारण मध्ये आढे आणि शेजारचे जांभळीचे झाड येत होते. चौथ्या ठिकाणाहून वरच्या ओळीचा एक कोपरा दिसला. तेव्हा वरची ओळ दोन हात खाली घेतली आणि पुन्हा छायाचित्र काढले. ही छायाचित्रे अर्जाला जोडल्यावर मात्र पंधरा दिवसांत लेखी परवानगी हातात पडली. म्हणजे अधिकाऱ्यांना जे हवे होते, ते कोणत्याही घरमालकाला एका रविवारी करता येण्याजोगे होते. ते काय, हे तेवढे आधी कोणी सांगितले नव्हते.

या दिरंगाईमुळे वारसा जपला जातो, असे कोणाला वाटत असेल तर मी आमच्याच भागातील एक उदाहरण देतो. माझ्या एका परिचिताने परवानगीच्या फेऱ्यांना कंटाळून घाईघाईत काम उरकले. ठेकेदाराने स्लॅबवर आठ फूट उंचीचा लोखंडी सांगाडा उभा केला, म्हणजे खाली कपडे वाळत घालता येतील. तो सांगाडा अर्ध्या गडावरून दिसत असे. एप्रिलमधील वळवाच्या वाऱ्यात त्याचे दोन नटबोल्ट निखळले आणि एक पॅनेल उडून शेजारच्या परसात पडले. दैवाने तेथे त्या वेळी कोणी नव्हते. जो नियम विचारत बसला तो आठ महिने थांबला, आणि जो उत्तरासाठी थांबला नाही त्याचा सांगाडा साऱ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. नियम स्पष्ट असता तर त्या परिचितानेही तो पाळला असता, याची मला खात्री आहे. तो काही गडाचा वैरी नव्हे.

जुन्या छपरावर पॅनेल बसवणे हे कसबाचे काम आहे आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. स्लॅबवर काम करणारी पोरे कौलांवर बूट घालून चढतात आणि पहिल्या तासातच दहा-बारा कौले फोडतात. आमच्याकडे मी गावातील एका जुन्या सुताराला सोबत घेतले. त्याने पॅनेल धरून ठेवणाऱ्या प्रत्येक लोखंडी आकड्याच्या जागी कौल उचलले, खालचा वासा टोचणीने टोचून पाहिला, दोन कुजलेले वासे बदलायला लावले आणि आकडा कौलांखालच्या बारीक आडव्या रिपेवर न ठोकता थेट वाशात बसवला. मग कौलाला कानशीने खाच पाडून ते पुन्हा जागेवर ठेवले. पहिला मुसळधार पाऊस झाला त्या रात्री मी बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो होतो. एकही थेंब गळला नव्हता. पॅनेलचे वजन सांगाड्यासह चौरस मीटरला पंधरा किलोच्या आसपास असते, ते कौलांच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी कमी आहे. डोंगरावर खरी भीती वजनाची नसून वाऱ्याने खालून उचलले जाण्याची आहे. दुसरी काळजी अर्थिंगची. आमच्या पायाखाली जांभा आहे, फूट-दीड फूट मातीनंतर दगड लागतो, तेथे नेहमीचा खड्डा पुरत नाही आणि गडावर वीज कोसळण्याची भीती तर कायमची. या दोन गोष्टी डोंगरी गावांसाठी वेगळ्या अटी म्हणून लिहिल्या गेल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. बॅटरी नसलेले पॅनेल महावितरणची वीज गेली की आपणही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ते तसे मुद्दाम केलेले असते. 2021 च्या जुलैत अतिवृष्टीने गडाचा रस्ता खचला होता, ते दिवस आठवून ज्यांना पॅनेल घ्यायचे आहे, त्यांनी बॅटरीचा खर्च आधीच धरावा. अंबरखान्यात धान्य आणि अंधारबावेत पाणी साठवून चार-चार महिने वेढा सोसणाऱ्या या गडाला स्वतःपुरती बेगमी करून ठेवणे नवे नाही.

स्मारकाशेजारचे गाव सौर होऊ शकत नाही, असेही नाही. गुजरातमध्ये मोढेरा येथे अकराव्या शतकातील सूर्यमंदिर आहे, तेही केंद्र-संरक्षित. त्या गावातील हजाराहून अधिक घरांवर पॅनेल बसवले गेले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये ते देशातील चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे पहिले गाव म्हणून जाहीर झाले. त्यांच्या विजेचा मोठा वाटा गावाबाहेरच्या प्रकल्पातून येतो, हे येथे ध्यानात घ्यावे. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्याच्या डोंगरातली मान्याचीवाडीही 2024 मध्ये सौरग्राम झाली. तिच्याजवळ युनेस्कोची पाटी नाही, पण उतारावरची घरे आणि पाऊस आमच्यासारखाच आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, स्मारकनिहाय ज्या वारसा उपविधींची, म्हणजे त्या-त्या स्मारकाच्या परिसरासाठीच्या नियमांची, तरतूद कायद्यात आहे, त्या पन्हाळ्यासाठी लिहिताना घरगुती सौर पॅनेलचे एक कलम त्यात असावे. पॅनेल कौलांना समांतर असावे, आढ्याच्या वर जाऊ नये, ठरवून दिलेल्या चार-पाच जागांवरून दिसू नये, त्यासाठी झाड तोडू नये आणि तारा भिंतीवर लोंबकळू नयेत, एवढे लिहिले तरी पुरे. त्या जागा कोणत्या, हे पुरातत्त्व खात्याने एकदा ठरवावे. अर्जासोबत घरमालकाने छायाचित्रे द्यावीत आणि तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. नकार असला तरी कारणासह मिळावा. ज्यांचे छप्पर तीन दरवाजासमोरच येते, त्यांना नकार देणे योग्यच ठरेल, पण त्यांना वाऱ्यावर सोडू नये. केंद्राच्या योजनेत सामूहिक आणि आभासी नेट मीटरिंगचाही, म्हणजे एका जागी तयार झालेली वीज दुसरीकडच्या घरांच्या बिलांतून वळती करण्याचाही, विचार आहे; त्याचा आधार घेऊन पायथ्याशी, संरक्षित क्षेत्राबाहेर एक सामाईक प्रकल्प उभारून अशा घरांना त्यात वाटा देता येईल. आणि सुरुवात घरांपासूनच कशाला? गडावर विजेचा मोठा वापर हॉटेलांचा आहे, त्यांची छपरेही मोठी आहेत. त्यांच्या आणि शासकीय इमारतींच्या अर्जांचा निपटारा आधी झाला, तर नियम कसा चालतो तेही सर्वांना दिसेल.

वारशाच्या नामांकनाच्या काळापासून गडावरच्या माणसांच्या मनात एक भीती आहे की आता आम्हाला येथे काहीच करता येणार नाही, पुढे राहूही दिले जाणार नाही. ही भीती घालवायला भाषणे कामाची नाहीत. छपरावरच्या सहा पॅनेलना ‘हो, असे बसवा’ असे सहीशिक्क्याचे उत्तर वेळेत मिळाले, तर यंत्रणा आपल्याला गडाचाच भाग मानते, हे लोकांना आपोआप कळेल.

आमच्या छपरावरचे ते काळे प्लॅस्टिक मी घडी घालून जपून ठेवले आहे. गडावर ज्यांना आपल्या छपराची अशी पाहणी करायची असेल, त्यांना ते नेता येईल. आमच्या गल्लीतील दोन घरांवर ते याच महिन्यात अंथरले जाणार आहे, आणि त्यांचे अर्ज छायाचित्रांसह पुढच्या सोमवारी दाखल होतील.

आपला विश्वासू,
पन्हाळगडावरील एक घरमालक,
पन्हाळा, जि. कोल्हापूर