मंडईतल्या मावशींना, अडीच किलो बटाट्यांबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल, कारण तुमचा चष्मा कायम घरी राहिलेला असतो. नाव मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या ओळीतले गाळेवाले तरीही ओळखतील आणि चिडवतील. तो राग माझ्यावर काढा.

गेल्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा पुण्याच्या मंडईत आले, ती भाजीसाठी नव्हे. चित्रकलेच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला इलस्ट्रेशन, म्हणजे विषयावरून चित्रं काढणं, घेतलं होतं आणि ‘मंडई’ या विषयावर आठ चित्रांची मालिका द्यायची होती. पहिली दोन चित्रं मी इमारतीचीच काढली. 1886 सालची दगडी वास्तू, मधला अष्टकोनी मनोरा. ती हलत नाही, बोलत नाही, म्हणून सोपी वाटली. या इमारतीवर नगरपालिकेनं एवढा पैसा घालू नये म्हणून जोतिराव फुल्यांनी विरोध केला होता आणि आज तिला त्यांचंच नाव आहे, असं चित्राखाली लिहिलं. वर्गात त्या ओळीचं कौतुक झालं. चित्राबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग माणसांकडे वळणं भाग होतं. तुमच्या समोरच्या पायरीवर तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी तुम्ही हाक मारलीत, “ए पोरी, काय लिहितेस गं रोज? म्युनिशिपाल्टीची आहेस का?” वही हातात घेतलीत, लांब धरून पाहिलीत आणि म्हणालात, “तोंड झ्याक काढलंयस. पण ही बाई बटाटे तोलतीय का आरती ओवाळतीय?”

मावशी, त्या वाक्यानं जेवढं शिकवलं तेवढं अख्ख्या पहिल्या वर्षात शिकले नव्हते.

खरं सांगायचं तर मला हात काढता येत नव्हते आणि ते मी वर्षानुवर्षं लपवत आले होते. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा, दोन्हींना ए ग्रेड, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. माझ्या चित्रातली मुलं खिशात हात घालून उभी. बायकांचे हात पदराखाली नाहीतर पिशवीमागे. चेहरे मात्र नीट रेखलेले, आणि तेही सगळे डावीकडे बघणारे, कारण माझा हात तसाच वळतो. ज्युरीला, म्हणजे आमची कामं तपासायला, आलेल्या एका सरांनी विचारलं होतं, “यांचा ग्रुप फोटो चाललाय का?” मी दोन दिवस रडले आणि पुढच्या चित्रात परत खिसे काढले.

तुम्ही काय केलंत? अडीच किलो बटाट्यांची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि गिऱ्हाईक संपेपर्यंत परत घेतली नाहीत. वीसेक मिनिटं तरी असतील. बोटांना बंद रुतले. थोड्या वेळानं कळलं की वजन बोटांत नसतंच. मनगट खाली ओढलं जातं, खांदा उतरतो, आणि तोल सांभाळायला कंबर दुसऱ्या बाजूला जाते. मी पाच बोटं, पाच नखं मोजत बसले होते. तिथं आधी खांद्याची तिरकी रेघ हवी होती.

त्या रात्री नखं काढणं बंद केलं. हात म्हणजे आधी बिनबोटांचा मोजा, मग अंगठा, बोटं सगळ्यात शेवटी. पेन्सिल ठेवून दिली आणि थेट पेननं काढायला लागले, म्हणजे खोडायची सोयच नको. टॅबवर चूक झाली की दोन बोटं टेकवली, पुसलं. त्या सवयीनं माझी रेघ भित्री झाली होती. पहिल्या चाळीसेक पानांवरचे हात वांग्यासारखे आहेत. ती वही तुम्हाला दाखवणार नाही.

आमच्या मॅडमनी तेव्हाच जुने चित्रकार म. वि. धुरंधर यांची पोस्टकार्डं बघायला सांगितली, मुंबईच्या रस्त्यावरच्या माणसांची. पूर्वीही पाहिली होती, पण तेव्हा फक्त लुगड्यांचे रंग पाहिले होते. आता आधी हात बघितले, मग पाय. आणि वही मिटून तासभर गप्प बसले.

दुसरी गोष्ट रंगाची. माझ्या पालेभाजीच्या चित्रावर बोट ठेवून तुम्ही विचारलंत, “यातली मेथी कुठली?” मला सांगता येईना. सगळी पानं एकाच सॅप ग्रीनच्या ट्यूबमधून आलेली. तुम्ही जुड्या शेजारी शेजारी मांडल्यात: शेपू निळसर, केसांसारखा, पालक गडद आणि जाड, मेथीची तीन-तीन पानं, कोथिंबीर या सगळ्यांत फिकी. त्या दिवसापासून मी हिरवा ट्यूबमधून घेत नाही, निळ्या-पिवळ्यातून बनवते. वेळ लागतो आणि कागद कधी कधी चिखल होतो. पण आता मेथी मेथी दिसते.

आठ चित्रांतली पाच बरी झाली. तुम्ही काट्यावर बटाटे ओतताय ते सहावं चित्र माझं सगळ्यात आवडतं. त्यात तुमचा चेहरा जेमतेम दिसतो, पण डावा खांदा बघून एक मैत्रीण म्हणाली, “जड आहे गं!” मला मार्कांपेक्षा ते जास्त वाटलं.

अजून पुष्कळ राहिलंय. लहान मुलं काढली की ती बुटकी माणसं दिसतात. दोन माणसं एका चित्रात आली की एकमेकांशी बोलत नाहीत, शेजारी असून अनोळखी वाटतात. गिऱ्हाईक भाव करतंय आणि तुम्ही मान फिरवताय, हे चित्र सहा वेळा काढून फाडलंय. ती फिरवलेली मान मला पकडता येत नाही. तुम्ही ती इतक्या झटकन फिरवता!

सहाव्या चित्राची प्रिंट काढलीय. तुमच्या सांगण्यावरून त्यात नथ घातलीय, जरी तुम्ही गाळ्यावर नथ घालत नाही. मॅडमना ते पटलं नाही. मी म्हटलं, ज्यांचं चित्र आहे त्यांचं ऐकणार.

रविवारी सकाळी मेट्रोनं येते. मागच्या मटारचे चाळीस रुपये द्यायचेत, आणि या वेळी कुणी भाव करायला आलं तर जरा सावकाश मान फिरवा.

तुमची,
पायरीवरची पोरगी