हवेतला पारा बारा महिने मोजा

मा. पर्यावरणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

महोदय,
स. न. वि. वि.

केंद्राने २००९ साली ठरवलेल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत शिसे, आर्सेनिक, निकेल आहेत, पण पारा नाही. त्यामुळे वास्कोची किंवा कुंडईची हवा ‘मानकांत बसते’ असे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने कळवले, तरी पाऱ्याविषयी काहीच कळत नाही. माझी मागणी एवढीच, की गोव्यात हवेतला पारा तासातासाला, बारा महिने मोजावा आणि ते आकडे लोकांना पाहता यावेत.

कुणाला घाबरवण्याचा हेतू नाही. उत्तर गोलार्धातल्या मोकळ्या हवेत घनमीटरमागे साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मार्गदर्शक पातळी एक हजार नॅनोग्रॅम आहे. म्हणजे दोनापावलच्या वाऱ्यावर फिरायला जाणाऱ्याला यातून काही होणार नाही. काळजी आहे ती हा पारा पुढे कुठे उतरतो याची. त्याची वाफ कित्येक महिने हवेत राहते, हळूहळू पाण्यात विरघळणाऱ्या रूपात बदलते आणि पावसाबरोबर खाली येते. खाडीच्या आणि खारफुटीच्या चिखलातले जिवाणू त्याचा मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचे अधिक विषारी रूप, करतात. तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, म्हणून छोट्या तारल्यापेक्षा मोरीत (शार्क) आणि मोठ्या इसवणात (सुरमई) तो जास्त सापडतो. सोमवार-गुरुवार सोडले तर ज्यांच्या ताटात हुमण, म्हणजे माशाची आमटी, असतेच, त्यांनी हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी? २०१८ साली मासळीत फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या बातमीने मासळी बाजार कसे ओस पडले होते, ते आपल्याला आठवत असेलच. आधीचे भरवशाचे आकडे हाताशी असले की असा गोंधळ कमी होतो.

आता मोजण्याविषयी. वर्षातून एकदा गाडी आणून, नमुना घेऊन निघून जाण्यात अर्थ नाही, कारण हवेतला पारा एका जागी स्थिर नसतो. पावसाळ्यात आपल्याकडे येणारा वारा विषुववृत्त ओलांडून अरबी समुद्रावरून येतो. दक्षिण गोलार्धातल्या हवेत पारा मुळातच कमी, घनमीटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम, कारण कोळसा जाळणारे बहुतेक मोठे देश उत्तरेला आहेत. हिवाळ्यात वारा फिरतो आणि सह्याद्रीपलीकडची, औष्णिक वीज केंद्रांची आणि पोलाद भट्ट्यांची हवा आपल्याकडे येते. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा रेल्वेने घाट चढून कर्नाटकात जातो. त्याची काळी पूड वास्कोवाल्यांच्या खिडक्यांवर बसते, ती तक्रार वेगळी आणि रास्त आहे. पण कोळशातला पारा सुटतो तो मुख्यतः जळताना. म्हणजे बंदराशेजारी धूळ मोजून पाऱ्याचा हिशेब लागणार नाही. शिवाय दिवसा खारा वारा, रात्री मतलई. शहरालगत थंडीच्या पहाटे जमिनीजवळची हवा कोंडते आणि आकडा वेगळाच दिसू शकतो. जुलैत मोजून पाठ थोपटून घेता येईल आणि जानेवारीत मोजून घबराट पसरवता येईल. दोन्ही आकडे खरेच असतील!

आणखी एक गुंता. पावसाळ्यात हवेतला आकडा उतरलेला असला, तरी पावसातून पारा जमिनीवर येत असतो आणि आपल्याकडे पाऊस कमी पडत नाही. तेव्हा हवेबरोबर पावसाच्या पाण्याचेही नमुने घ्यावे लागतील. वणव्यांतूनही झाडापानांत साठलेला पारा परत हवेत जातो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात वणवे पेटले, त्या दिवसांचे पाऱ्याचे आकडे कुठल्या खात्याकडे असतील तर ते प्रसिद्ध करावेत.

यंत्राचे तत्त्व कुठल्याही सोनाराला समजेल. हवा सोन्यावरून ओढतात, पारा सोन्याला चिकटतो, मग सोने तापवून तो सोडवतात आणि अतिनील प्रकाशात मोजतात. सोन्याच्या दोन नळ्या आळीपाळीने चालतात, त्यामुळे मोजणीत खंड पडत नाही. पण त्याला शुद्ध आर्गन वायू लागतो, वातानुकूलित खोली लागते, नियमित अंशांकन (यंत्राचा आकडा बरोबर येतो का याची तपासणी) लागते आणि आपली खारट, दमट हवा त्याला सोसत नाही. पावसाळ्यात वीज जाते ती वेगळीच. म्हणून खर्च यंत्रापुरता धरू नये. उद्घाटनानंतर ते सांभाळणारा प्रशिक्षित माणूस लागतो आणि आपल्याकडे नेमका तोच राहून जातो. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि ताळगावचे गोवा विद्यापीठ यांच्याशी मंडळाने करार करावा. सोनसोडो, कुंडई, वाळपई अशा ठिकाणी विजेशिवाय चालणारे स्वस्त शोषक नमुनासंच टांगावेत. ते काही आठवड्यांची सरासरीच देतात, पण कुठे जास्त आणि कुठे कमी, एवढे त्यांवरून कळते.

पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाता कराराला भारताने २०१८ साली मान्यता दिली. पाऱ्याच्या देखरेखीसाठी सहकार्य करण्याचे कलम त्यात आहे, तेव्हा केंद्राकडे निधी मागायला आधार आहे.

यंत्र मे महिन्याच्या आत बसले तर वारा बदलताना आकडा कसा उतरतो ते पहिल्याच वर्षी नोंदले जाईल. येत्या अर्थसंकल्पात यासाठी तरतूद होणार आहे का आणि जबाबदार अधिकारी कोण, एवढे लेखी कळवावे, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक
फोंडा