चेन उतरली तर खाली कोण उतरणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

विनाचालक रणगाड्यांची बातमी वाचली, आता जवानाची गरजच नाही असा सूर होता. मी भोसरीत अठ्ठावीस वर्षं पोकलेन, डोझर रिपेअर केलेत, म्हणून थोडं लिहितो.

चेनवर चालणाऱ्या गाडीची चेन उतरते म्हणजे उतरतेच, विशेषतः काळ्या मातीत. एकदा वाघोलीच्या साइटवर भर पावसात पोकलेनची चेन आयडलरवरून, म्हणजे पुढच्या टोकाच्या चाकावरून निसटली, ग्रीसचा व्हॉल्व्ह ढिला करायचा, पहार घालून चेन चढवायची, परत ग्रीसगनने ताण द्यायचा, तिघं जण साडेतीन तास गुडघाभर चिखलात. आणि आमच्यावर कोणी गोळ्या झाडत नव्हतं! रणगाड्यातले जवान नुसती तोफ चालवत नाहीत हो, चेन चढवणारे फिटर पण तेच असतात.

रशियाने त्यांचा उरान-९ हा विनाचालक छोटा रणगाडा सीरियात नेला होता, त्याचं काय झालं ते 2018 ला त्यांच्याच लोकांनी रिपोर्टमध्ये सांगितलं. रिमोटची रेंज काही किलोमीटरची सांगितलेली, पण वस्तीत 300 ते 500 मीटरवरच सिग्नल जायचा, एकदोनदा तर दीड तास गाडीचा ताबाच नव्हता. त्यावर सगळे बोलतात. पण त्याच रिपोर्टमध्ये चेनखालचे रोलर आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगा टिकल्या नाहीत असंही होतं, ते कोणी वाचत नाही, कारण रोलरची बातमी होत नाही.

मी विरोधात नाहीये. आपल्या दिघीच्या डीआरडीओने केलेला दक्ष रोबो बघा, बॉम्बजवळ माणसाऐवजी तो जातो, जिने चढतो, बंद पडला तर मागे माणसं असतात. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या डीआरडीओच्या लॅबने 2017 ला बीएमपी या चिलखती गाडीवर मंत्रा ही विनाचालक गाडी केली ती पण टेहळणी, सुरुंग शोधणं असल्या कामांना. युक्रेनमध्ये सुद्धा अशा गाड्या मुख्यतः दारूगोळा पोचवायला आणि जखमींना मागे आणायला वापरतात, तोफ नंतर. हा क्रम मला बरोबर वाटतो.

तर पुढच्या वेळी तुमचा वार्ताहर असल्या गाडीचं प्रात्यक्षिक बघायला गेला की तोफेचा फोटो काढू दे खुशाल, पण एवढं विचारायला सांगा, किती किलोमीटरला चेन ताणावी लागते आणि ती शत्रूसमोर उतरली तर पहार घेऊन कोण जाणार.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, भोसरी