कोरडा ओढा म्हणजे मेलेला ओढा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ट्राउट माशांच्या ओढ्यांवरचा लेख वाचला. आपल्याकडे या विषयावर फारसे कोणी लिहीत नाही, त्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. पण उन्हाळ्यात पात्र कोरडे पडणाऱ्या प्रवाहांना त्यांनी सरसकट ‘अर्धमेले’ म्हटले आहे. ते वाचून राहवले नाही.

इंग्लंडमधली मॅनिफोल्ड नदी चुनखडीच्या प्रदेशातून वाहते. उन्हाळ्यात वेटन मिलच्या खाली तिचे पाणी जमिनीत शिरते आणि पुढे इलम गावापाशी पुन्हा वर येते. मधल्या पात्रात नुसते दगड. असे जमिनीखालून आलेले पाणी उन्हाळ्यात गार असते आणि थंडीत त्यामानाने कोमट. ट्राउटला असेच पाणी मानवते. मादी खडीत खळगा करून अंडी घालते आणि खडीतून पाणी खेळते राहिले तरच ती जगतात. म्हणजे वरून न दिसणाऱ्या पाण्यावरच या माशाची पुढची पिढी पोसते. मग मेलेले काय आहे त्यात?

आपल्याकडे ट्राउट नाही, तेवढे गार पाणी नाही आणि चुनखडीही नाही. काळा कातळ आहे. पण त्याच्या भेगांतून, मुरमातून, पात्रातल्या वाळूगोट्यांखालून पाणी चालतेच. नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, गुप्त होते, गंगाद्वाराला दिसते, परत गुप्त होऊन कुशावर्तात येते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्याच त्र्यंबकमध्ये आपण नदीवर स्लॅब टाकला. पंचवटीतली अरुणा नदी बांधकामांखाली गेली. गोदापात्रात आणि कुंडांत काँक्रीट ओतले. 2016 च्या एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले तेव्हा टँकरने पाणी आणावे लागले. त्या वर्षी दुष्काळ होता हे खरे, पण तळातल्या झऱ्यांची तोंडे आपणच बुजवली होती.

आमची शेती गिरणाऱ्याच्या बाजूला. बांधालगत ओढा आहे, मार्चनंतर त्यात पाणी दिसत नाही. माझे सासरे भर मे महिन्यात पात्रातली वाळू हातभर उकरायचे, की झिऱ्यात पाणी जमायला लागायचे. आधी गढूळ, थोडे उपसले की निवळशंख. गुरे त्यावर, प्यायचे पाणी त्यावर आणि काठावरची आमची विहीरही त्याच ओलीवर. गोट्यांखाली खेकडे असायचे. काठाला उंबर, करंज.

मग खोलीकरणाची योजना आली. ‘ओढा तर कोरडाच आहे, बिघडणार काय?’ असे आलेल्या साहेबांनी मला तोंडावर सांगितले. पोकलेनने वाळू, गोटे, मुरूम सगळे कातळापर्यंत खरवडून काठावर ढीग लावले. उंबराची मुळे उघडी पडली. पहिल्या पावसाळ्यात पाणी तुडुंब साचले, सगळ्यांनी फोटो काढले. दिवाळीनंतर ते आटत गेले आणि पुढे राहिले ते फक्त तापलेले दगड. वाळू आणि मुरूम हेच त्या ओढ्याचे रांजण होते, तेच फोडून टाकले. पूर्वी मे महिन्यापर्यंत पुरणारी विहीर आता होळीलाच तळ दाखवते. उन्हाळी टोमॅटो आम्ही बंद केला. अर्ज घेऊन कचेरीत गेले, तर उत्तर मिळाले की कामाचे मोजमाप झाले, बिलही निघाले. त्या बिलात माझ्या विहिरीचे पाणी कोणी धरले होते का, एवढेच मला विचारायचे होते. त्याला आजवर उत्तर नाही.

म्हणून त्या एका शब्दाचा राग आला. वर्तमानपत्रातच कोरड्या पात्राला मेलेले म्हटले, की ते भरायला, खोदायला, त्यावर रस्ता करायला कोणाचाच हात अडत नाही. 2027 च्या सिंहस्थाची कामे जोरात आहेत. कुठल्याही ओढ्याच्या पात्रात यंत्र उतरवण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या माणसाने ऐन उन्हाळ्यात तिथे उभे राहून, वाळू उकरून खाली काय आहे ते पाहावे आणि लिहून द्यावे. काठावरच्या विहिरवाल्यांनाही विचारावे. ही मागणी आपण बातमीच्या पानावर लावून धरावी, अशी कळकळीची विनंती आहे.

जाता जाता आणखी एक. आपल्या पानावर पावसाळ्यात तालुकावार पावसाचे आकडे रोज येत असत, ते बंद झाले आहेत. त्या जागी आता धबधब्यांवर सहलीला कुठे जावे याची माहिती असते. पेरणी आणि विहिरीचा अंदाज आम्ही त्या आकड्यांवरून बांधतो. ते येत्या जूनपासून पुन्हा सुरू करावेत.

आपली,
एक शेतकरी वाचक,
गिरणारे परिसर, जि. नाशिक