अकराला उठायचं असेल तर

नागपूर, मे महिना

प्रिय मन्या,

नऊला गेम खेळायला बसलो, वर पाहिलं तर पावणेबारा, हे होते काऊन बे, असं तू विचारलंस. काकू म्हणतात, पोराचा मनावर ताबा नाही. त्यांना सांग, ताब्याचं नंतर बघू, आधी मोजणीतच घोळ आहे.

मिनिटं मोजायला लक्ष खर्ची पडतं. डॅन झाके आणि रिचर्ड ब्लॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात याचं एक सोपं चित्र मांडलं. आत टिकटिक सतत चालू असते, पण मोजणाऱ्यापर्यंत पोचायला तिला एका फाटकातून जावं लागतं, आणि ते फाटक आपलं लक्ष उघडतं. दवाखान्यात नंबराची वाट पाहताना ते सताड उघडं, म्हणून दहा मिनिटं सरता सरत नाहीत. बीजीएमआयमध्ये, म्हणजे तुझ्या त्या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये, पावलांचा आवाज कुठून आला, गोळ्या किती उरल्या, झोन (आकसत जाणारं सुरक्षित वर्तुळ) कुठे सरकतोय, जोडीदार काय ओरडतोय, एवढं सांभाळताना ते जवळजवळ मिटतं. टिकटिक होते, पण मोजली जात नाही. मग ‘अर्धा तास झाला असेल’ हे तू खोटं बोलत नाहीस, तुझ्या वहीत नोंदच तेवढी आहे. (हे समजायला काढलेलं चित्र आहे, मेंदूत खरंच फाटक शोधू नकोस.)

आठवणीतला वेळ मात्र वेगळा मोजला जातो. मागे वळून पाहताना आपण बदल मोजतो: किती नव्या जागा, किती निराळे प्रसंग. म्हणून नव्या गेमची पहिली संध्याकाळ आठवताना लांबलचक वाटते, आणि त्याच एरँगल नकाशावरची आठवी मॅच सातवीला चिकटून जाते. तुझी रात्र खेळताना तोकडी आणि सकाळी आठवतानाही तोकडी, अशी दोन्हीकडून कापली जाते.

त्यात आपला मे महिना. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर फुल्ल, कानाला हेडफोन. उजेड बदलत नाही, रस्त्यावरचा आवाज येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. गेम पूर्ण स्क्रीनवर असल्यानं कोपऱ्यातलं घड्याळही झाकलेलं. बाहेरून वेळ कळायच्या साऱ्या वाटा आपणच बुजवून बसतो.

आता उपाय. १९८५ साली स्टीफन सेसी आणि यूरी ब्रॉन्फेनब्रेनर यांचा एक प्रयोग छापून आला. दहा आणि चौदा वर्षांच्या मुलांना ओव्हनमधले कपकेक ३० मिनिटांनी काढायचे होते आणि तोवर पॅक-मॅन खेळायचं होतं. आपापल्या घरी बसलेल्या मुलांनी सुरुवातीच्या काही मिनिटांत भराभर घड्याळ पाहिलं, मधे जवळपास पाहिलंच नाही, आणि शेवटी पुन्हा भराभर पाहिलं. म्हणजे आधी आपला अंदाज घड्याळाशी जुळवून घेतला, मग बिनघोर खेळले. हे तुला जमेल. पहिल्या दहा मिनिटांत तीनदा घड्याळ बघ, पण बघायच्या आधी आकडा मनात ठरव. ‘चार मिनिटं’ म्हणालास आणि सात झाली असतील, तर त्या रात्री तुझं माप कितीनं कमी भरतंय ते कळलं. घड्याळ मात्र भिंतीवरचं, बसल्या जागेवरून समोर दिसेल असं. मोबाईलमधलं नको, वेळ बघायला गेममधून बाहेर आलास की तीन मेसेज वाचूनच परत जाशील.

अकराचा गजर फसतो, कारण अकरा वाजता तू हमखास मॅचच्या मधोमध असतोस. जोडीदारांना सोडून उठवत नाही, अंगठा आपोआप गजर बंद करतो, आणि मॅच संपेस्तोवर गजर झाला होता हेही आठवत नाही. फोनमधल्या ॲप टायमरचंही तेच: ऐन शेवटच्या झोनमध्ये गेम बंद पडतो, तू चिडतोस आणि दुसऱ्या दिवशी टायमरच काढून टाकतोस. म्हणून गजर उठायचा लावू नको, ‘आता नवी मॅच नाही’ याचा लाव. एरँगलची मॅच शेवटपर्यंत टिकलास तर अर्ध्या तासाच्या आसपास जाते, वर लॉबीची, म्हणजे मॅच सुरू व्हायची वाट बघण्याची, दोन-चार मिनिटं. अकराला उठायचं तर गजर १०:२० चा, आणि तोही फोनवर नाही, गजराचं घड्याळ स्वयंपाकघरात, म्हणजे उठून जावं लागेल. हेडफोनचा एक कान उघडा ठेव, नाहीतर गजर फक्त काकूच ऐकतील.

अजून एक चोरवाट आहे. पाच मिनिटांत मेलास की ती मॅच तू धरतच नाहीस, ‘ही काय मॅच होती का बे!’ अशा चार झाल्या की गेला अर्धा तास, हिशोबात शून्य. प्रत्येक मॅचची कागदावर रेघ मार, आणि तीही मॅच सुरू करतानाच. संपल्यावर मारायची म्हटलं की राहून जाते.

ताई ते शेतीचं स्टारड्यू व्हॅली खेळते ना, तिची अडचण उलटी आहे. तिथला एक दिवस खरा सुमारे १४ मिनिटांचा, आणि गेम सेव्ह होतो तो पात्र झोपल्यावर. पण झोपलं की लगेच नवी सकाळ, अंगणात पिकलेलं वांगं. थांबायची जागा आणि सुरू करायची जागा एकच. तिला सांग, दिवस मोज, चार म्हणजे जवळपास तास. आणि चौथ्या रात्री सेव्ह झालं की सकाळी शेतात पाऊलही टाकू नको, तिथूनच बाहेर पड.

कूलरची टाकीही घड्याळाचं काम करते. भरलेली टाकी तुझ्याकडे किती वेळ पुरते ते एकदा मोजून ठेव. पॅड सुकून गरम हवा यायला लागली की तेवढा वेळ गेलाच. पण रोज याच्या भरवशावर राहू नको, पंप कोरडा चालला तर जळतो आणि या दिवसांत मेकॅनिक लवकर सापडत नाही.

आठवडाभराचे अंदाज आणि खरे आकडे एका कागदावर लिहून फोटो पाठव. पहिल्या मॅचनंतरचे आणि तिसऱ्या मॅचनंतरचे वेगवेगळे लिही, मला त्यातला फरक पाहायचा आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुध्या